आठ तास कुणाचे?

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग एकदाचा पुरा झाला. ‘नागपूर–मुंबई आठ तासांत’ ही घोषणा त्याच्या कितीतरी आधीपासून सगळ्यांच्या तोंडी होती. जुन्या रस्त्यानं चौदा-सोळा तास मोडायचे, ते निम्म्यावर आले हे खरंच. पण याच दोन शहरांमध्ये विमान दीड तासात पोचतं, आणि तेही आजचं नाही. तेव्हा आठ तासांचं कौतुक करायचं की दीड तासापुढे आठ तासांचं काय अप्रूप म्हणायचं, यावर मुंबईकर आणि नागपूरकर समोरासमोर आले की वाद हमखास रंगतो. तो वाद इथे दोन काल्पनिक गृहस्थांच्या तोंडी घातला आहे. एक विमानवाले, राहणार मुंबई; दुसरे गाडीवाले, राहणार नागपूर. मधूनमधून मी तोंड घालणार आहे, कारण दोघंही चुकीच्या मापानं मोजतात असं माझं मत आहे.

विमानवाल्यांचं म्हणणं असं : “भाऊ, रस्ता उत्तम झालाय, त्यात दुमत नाही. पण प्रश्न वेळेचा आहे. मुंबई विमानतळापासून तुमचा सोनेगावचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ६८० किलोमीटर. वेळापत्रकात दीड तास, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. तुमची गाडी नियमाप्रमाणे ताशी १२०च्या वर नेता येत नाही, घाटात १००. कुठेही न थांबता सबंध रस्ता १२०नं कापला तरी सहा तासांना दहा मिनिटं कमी. चहा, जेवण, डिझेल धरा, झाले आठ. म्हणजे अख्खा दिवस गेला. विमानानं जाणारा माणूस सकाळी निघतो, नागपुरातलं काम उरकतो आणि रात्रीच्या जेवणाला घरी असतो. ५५ हजार कोटींच्या घरात खर्च करून जो वेग मिळवलात, त्याच्या कितीतरी पट वेग आमच्याकडे आधीपासून होता.”

गाडीवाले ऐकून घेतात, पण मानत नाहीत. “तुमचा दीड तास कुठून कुठपर्यंतचा, ते तर सांगा जी. विमानाचं दार लागलं तिथून ते उघडलं तिथपर्यंतचा. माणूस काय विमानतळावर राहतो? आठचं विमान धरा. दोन तास आधी या म्हणतात, म्हणजे सहाला दारात. बोरिवलीहून नाहीतर डोंबिवलीहून निघायचं तर पाचला टॅक्सी, आणि चारचा गजर. मग दारावर ओळखपत्र, बॅग द्यायची रांग, तपासणीची रांग, पट्टा काढा, लॅपटॉप काढा, पट्टा घाला. एवढं करून गेटपाशी बसून राहायचं, कारण गेट बंद होतं वीस-पंचवीस मिनिटं आधी. साडेनऊला सोनेगावला उतरले की बॅगेची वाट पाहा. धरमपेठेत पोचेतो साडेदहा. पाचला निघालेला माणूस साडेदहाला पोचला, साहेब. साडेपाच तास झाले. दीडचे साडेपाच कसे झाले, ते आम्हाला नका विचारू.”

हा हिशेब बरोबर आहे, आणि त्या दीड तासाच्या पोटातही आणखी एक हिशेब आहे. प्रवासी जेट विमान वर पोचल्यावर ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास उडतं. त्या वेगानं ६८० किलोमीटरला ५१ मिनिटं पुरतात. उरलेली पस्तीस-चाळीस मिनिटं चढण्या-उतरण्यात, धावपट्टीपर्यंत सरपटण्यात आणि रांगेत जातात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी बहुधा एकीवरच काम चालतं. उतरायला आलेल्या विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात त्या याचमुळे. ऑक्टोबर २०२५मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ ही गर्दी थोडी वाटून घेईल. पण त्यानं एक नवी गंमत केली आहे. पनवेलच्या माणसाला नागपूर जवळ आलं. बोरिवलीच्या माणसाला त्याचं विमान तिकडून असेल तर दूर गेलं. ‘मुंबईहून किती वेळ लागतो’ हा प्रश्न आता मुंबईतल्या कुठल्या गल्लीतून, हे विचारल्याशिवाय सुटत नाही.

मात्र हीच कसोटी गाडीवाल्यांनाही लावली पाहिजे. त्यांचे आठ तास सुरू होतात आमणे इथे, आणि आमणे मुंबईत नाही, भिवंडी तालुक्यात आहे. तिथून ठाण्याच्या कोंडीतून दादरपर्यंत यायला नशीब बरं असेल तर सव्वा-दीड तास, संध्याकाळी त्याहून जास्त. दुसऱ्या टोकालाही रस्ता संपतो शिवमडक्याला, सीताबर्डीत नाही. म्हणजे घरापासून घरापर्यंत दहा तास धरायला हवेत. एका बाजूला साडेपाच, दुसऱ्या बाजूला दहा. जाहिरातीत विमान पाचपटीहून वेगवान होतं, दारापासून दारापर्यंत ते दुपटीलाही पोचत नाही. तरीही साडेचार तास वाचतात आणि साडेचार तास म्हणजे कामाचा अर्धा दिवस. एकट्यानं, कामासाठी, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं असेल तर विमानच जिंकतं, यात मला तरी शंका नाही.

गाडीवाले एवढ्यावर सोडत नाहीत. “एकट्याचं सोडा जी. घरची चार माणसं असली तर? टोल किलोमीटरला दोन रुपये सहा पैसे, म्हणजे सगळ्या रस्त्याचे साडेचौदाशेच्या आत. डिझेल धरूनसुद्धा माणशी किती पडतात बघा, आणि दिवाळीत चार तिकिटं काढायला बसा, मग बोलू. शिवाय गाडी आपल्या वेळेवर निघते. विमान त्याच्या वेळेवर निघतं, ते निघालं तर.” विमानवाल्यांचं उत्तर तयार असतं : “ते आठ तास तुम्ही कुणाच्या जिवावर मोजता, भाऊ? चाकावर बसलेल्या माणसाच्या. विमानात मी झोपतो, वाचतो. तुमचा एक माणूस आठ तास समोर बघत बसतो. शेकडो किलोमीटर सरळ रस्ता, वळण नाही, गाव नाही, डोळा लागला की संपलं. १ जुलै २०२३ची रात्र विसरलात काय? सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली, पंचवीस माणसं गेली. एकेक तास कसा मोजायचा, ते तिथे जाऊन विचारा.”

इथे विमानवाल्यांनी नकळत एक मोलाची गोष्ट सांगितली. सगळे तास सारखे नसतात. चालकाचा तास वेगळा, शेजारी बसलेल्याचा वेगळा. आणि या हिशेबात रेल्वेला दोघंही विसरले. मुंबईहून नागपूर लोहमार्गानं ८३७ किलोमीटर आहे. दुरांतोला अकरा तासांच्या आसपास लागतात, विदर्भ एक्स्प्रेसला त्याहून जास्त. घड्याळ पाहिलं तर तिघांत रेल्वे सगळ्यात मंद. पण रात्री जेवून गाडीत बसलेला माणूस सकाळी नागपुरात उतरतो तेव्हा त्याच्या दिवसातून काहीच वजा झालेलं नसतं. विमानाचे साडेपाच तास जागेपणीचे आहेत, गाडीचे दहा तर डोळ्यांत तेल घालून काढलेले. विदर्भातले आमदार, वकील, विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या रात्रीच्या गाडीनं का जातात, याचं कारण स्वस्ताई एवढंच नाही.

भरवशाचाही मुद्दा आहे, आणि तो सरासरीनं कळत नाही. समजा मुंबईच्या वकिलाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात साडेदहाला उभं राहायचं आहे. विमान बहुतेक वेळा वेळेवर येतं, ही माहिती त्याच्या काय उपयोगाची? धुक्यानं किंवा मुंबईच्या पावसानं एखाद्या दिवशी दोन तास उशीर झाला तर तारीख गेली. म्हणून तो सकाळचं विमान सोडून आदल्या संध्याकाळचं धरतो, मुक्काम करतो, आणि दीड तासाच्या प्रवासाला सोळा तास देतो. गाडीनं जाणाराही हेच करतो, कारण ठाण्यात काय होईल ते सांगता येत नाही. ज्याला वेळेवर पोचायचंच आहे तो सगळ्यात वाईट दिवसाचा हिशेब करून निघतो, आणि तो हिशेब वेळापत्रकातही नसतो, रस्त्यावरच्या पाटीवरही नसतो.

आता हे सगळं एकत्र करून पाहा. टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्या एकट्याला घाई असेल तर विमान, दिवस वाचवायचा असेल तर रात्रीची रेल्वे. महामार्ग या शर्यतीत तिसरा येतो. कुटुंब असेल, सामान असेल, तर कधी दुसरा. मग एवढा खर्च कशासाठी, हा विमानवाल्यांचा प्रश्न रास्तच ठरतो. माझं म्हणणं असं की नागपूर–मुंबई आठ तास हा आकडाच या रस्त्यावर अन्याय करणारा आहे. तो खोटा नाही, पण ज्यांच्यासाठी या रस्त्याला काही अर्थ आहे, त्या माणसांचा तो नाही. महामार्ग दहा जिल्ह्यांतून जातो. टोकांचे जिल्हे सोडले तर वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, नाशिक. त्याचा हिशेब या मधल्या माणसांपासून सुरू व्हायला हवा.

मेहकर घ्या. बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तिथे रेल्वे नाही. लोणारला नाही, सिंदखेडराजाला नाही, खुद्द बुलढाणा या जिल्ह्याच्या ठिकाणीही नाही. खामगाव–जालना लोहमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. विमानाचा तर विषयच नको. मेहकरहून नागपूर नव्या रस्त्यानं तीनशेच्या आसपास किलोमीटर, म्हणजे मोटारीनं तीन-साडेतीन तास. नागपूरच्या एम्समध्ये दाखवायला निघालेल्या रुग्णाला पूर्वी आदल्या दिवशी निघून नातेवाइकाकडे नाहीतर धर्मशाळेत मुक्काम करावा लागे. आता पहाटे निघून ओपीडीची वेळ गाठता येते आणि रात्री परत येता येतं. नागपूरचं एम्स आणि समृद्धीचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा, दोन्हींचं लोकार्पण एकाच दिवशी झालं, ११ डिसेंबर २०२२ रोजी. सगळ्यांनी छापलं ते मुंबईचं अंतर; मेहकर ते एम्स हे अंतर त्या दिवशी कुणाला छापावंसं वाटलं नाही. खरं तर मुक्काम टळणं हीच वेळेची मोठी पायरी आहे. सहाचे पाच तास झाले तर थोडा आराम वाढतो. जाऊन-येऊन एका दिवसात बसलं की आयुष्यात शक्य असलेल्या कामांची यादीच बदलते. टोकाच्या प्रवाशाला ही पायरी विमानानं केव्हाच चढवून दिली होती. मधल्याला ती आत्ता मिळाली.

विमानवाल्यांना हे पटत नाही. “मग मध्येही विमानतळ काढा. शिर्डीला आहे, ओझरला आहे, संभाजीनगरला आहे. अमरावतीला १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुरू झालंय. रस्त्याला हजारो हेक्टर जमीन गेली. धावपट्टीला त्याच्या मानानं चिमूटभर लागते.” यातला जमिनीचा मुद्दा मान्य. पण अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरचं ते विमान कसं सुरू झालं ते पाहा. सत्तर-बहात्तर आसनांचं एटीआर, आठवड्यातून तीन दिवस. म्हणजे दोन विमानांमध्ये सरासरी दोन दिवसांहून जास्त काळ. ज्याला परवा जायचं होतं पण आज जावं लागतंय, त्याच्यासाठी अमरावती ते मुंबई हे अंतर पावणेदोन तासांचं नाही, पुढच्या फेरीपर्यंतचं आहे. आणि बडनेऱ्याहून रात्री सुटणारी आगगाडी रोज आहे. लहान गावाला दिवसातून पाच विमानं मिळणार नाहीत, कारण तेवढे प्रवासी नाहीत. फेऱ्या नाहीत म्हणून प्रवासीही वळत नाहीत. अकोल्याच्या शिवणीचा विमानतळ तर धावपट्टी वाढवण्याच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं अडून बसला आहे. रस्त्याला फेरी लागत नाही. रात्री दोनला कळ आली तरी तो तिथे असतो.

नागपूरला तर देशाच्या मध्यावर असूनही हाताशी काही न उरण्याचा अनुभव जुना आहे. १९४९मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रासहून विमानं रात्री उडायची, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला जमायची. धावपट्टीशेजारी थैल्यांची अदलाबदल व्हायची, थोडे प्रवासी या विमानातून त्या विमानात बसायचे, आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या शहरी परतायची. मुंबईचं पत्र दुसऱ्या दिवशी कोलकात्यात. देशाच्या मध्यावर असल्याचा नागपूरला एवढा नेटका उपयोग पुन्हा क्वचितच झाला असेल. पण त्या रात्री वर्ध्याच्या नाहीतर यवतमाळच्या माणसाला काय मिळालं? विमानाचा केंद्रबिंदू हा असाच असतो. सगळं तिथून जातं, आजूबाजूला उतरत नाही. मिहान या नागपूरच्या मालवाहतूक केंद्राच्या प्रकल्पाची स्वप्नं पाहणाऱ्यांनीही हा जुना धडा डोळ्यांपुढे ठेवावा, असं जाता जाता सुचवतो.

आता सगळ्यात जड आक्षेप, आणि तो गाडीवाल्यांनीच काढला हे विशेष. “तुम्ही मधल्यांची बाजू घेता, चांगलं आहे जी. पण मधल्यांना त्या रस्त्यावर पाय ठेवता येतो का? दुचाकीला बंदी, ऑटोला बंदी, ट्रॅक्टरला बंदी. दोन्ही बाजूंनी कुंपण. शेत रस्त्याला लागून, पण चढायचं तर वीस-पंचवीस किलोमीटरवरचं इंटरचेंज गाठा. ७०१ किलोमीटरला इंटरचेंज पंचवीसच्या आसपास. आमच्यासारखे गाडीवाले वरून भुर्रकन जातात, खालचा माणूस बघत राहतो. तुमचं विमानच की ते, फक्त जमिनीवरचं.”

हे नाकारता येणार नाही. रस्ता इतका सरळ आहे तो गावं टाळूनच. आमणे ते नागपूर सरळ रेषेत साडेसहाशेच्या आसपास, आणि रस्ता ७०१. डोंगर, नद्या, कसाऱ्याजवळचा पावणेआठ किलोमीटरचा जुळा बोगदा धरूनही एवढाच फरक. रेल्वेचा मार्ग लांब आहे कारण तो भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असा माणसं गोळा करत जातो. म्हणजे टोकांच्या आठ तासांसाठी मध्याकडून किंमत वसूल झाली, आणि माझ्या मुद्द्याला यानं धक्का लागण्याऐवजी बळच येतं. आठ तास हेच यश मानलं की प्रत्येक इंटरचेंज हा वेगातला अडथळा वाटायला लागतो. मध्य हे माप धरलं तर प्रश्न बदलतात. गावापासून इंटरचेंजपर्यंतचा रस्ता कसा आहे, तिथे एसटीला थांबायला जागा आहे का, संत्र्याचा टेम्पो वरुडहून तिथवर किती वेळात येतो. इंटरचेंजजवळ नवनगरं वसवायची योजना मूळ आराखड्यातच होती. रस्ता पुरा झाला, नवनगरं मागे राहिली. आराखड्यात काय आधी आणि काय नंतर, हेही त्या आठ तासांच्या आकड्यानंच ठरवलेलं दिसतं.

“मग जुनेच राज्यमार्ग रुंद केले असते तर?” असं विमानवाले विचारतात, आणि प्रश्न चांगला आहे. ते गावागावांतून जातात, जमीनही कमी गेली असती. पण बाजारातून जाणारा चौपदरी रस्ता बाजारालाही मारक आणि प्रवाशालाही. जालन्याला थांबून थांबून पोचणारा रुग्ण हे सांगेल. माझ्या मते दोन्ही हवे होते, आणि राज्यमार्ग आधी. आज तो वाद उकरून उपयोग नाही, कारण पैसे खर्च झाले आहेत. हातात आहे ते इंटरचेंज आणि त्यांना गावाशी जोडणारे पंधरा-वीस किलोमीटर.

गाडीवाल्यांना एसटीचा मुद्दा पटतो, पण एका अटीवर. “बस इंटरचेंजवर सोडून देऊ नका जी, रात्री तिथून गावात यायचं कसं? तिथून तालुक्यापर्यंत दुसरी गाडी लागलेली पाहिजे.” विमानवाले म्हणतात, एवढ्या प्रवाशांना एवढ्या गाड्या परवडायच्या नाहीत. बेलोऱ्याच्या विमानाला उडान योजनेत सरकार पैसे घालतं, मग मेहकरच्या मिनीबसला का नको, असं मी विचारतो. त्यावर विमानवाल्यांचं उत्तर अजून यायचं आहे.